महजरापासून सातबाऱ्यापर्यंत: वतनाचं जुनं भांडण वाचायचं कसं

कायद्याचा इतिहास म्हटलं की सालांची माळ सुरू होते: १८२७, १८५९, १८७२, १९०८, १९६३. परीक्षेपुरती ती ठीक आहे. पण कायदा बदलला म्हणजे लोकांच्या भांडणात नेमकं काय बदललं, ते त्या माळेतून कळत नाही. ते कळायचं तर भांडण एकाच प्रकारचं घ्यावं आणि ते निरनिराळ्या काळांत न्यायाला बसलेल्यांपुढे कसं मांडलं गेलं ते पाहावं. मराठी मुलखात यासाठी पाटीलकी, कुलकर्ण किंवा देशमुखी या वतनांच्या, म्हणजे वंशपरंपरेने चालणाऱ्या हुद्द्यांच्या आणि त्यांच्या जमिनी-हक्कांच्या, वादांइतकं चांगलं साहित्य दुसरं नाही. कागद भरपूर आहेत, वाद पिढ्यान्‌पिढ्या चाललेले आहेत, आणि ‘पुरावा दाखव’ म्हणणारा दर वेळी वेगळा आहे. कायद्यातला बदल कलमांच्या आधी पुराव्यात दिसतो, असं माझं मत आहे. पुरावा कशाला म्हणत आणि किती वर्षांनी दावेदाराचं तोंड बंद होई, हे दोन प्रश्न धरून चाललं की पुष्कळसा गुंता सुटतो.

सुरुवात महजरापासून. भरलेल्या सभेसमोर झालेल्या निवाड्याचा कागद म्हणजे महजर. सुलतानी अमलातली ही रीत शिवकाळात आणि शाहूकाळातही चालू राहिली. पेशवाईच्या उत्तरार्धात पंचायतीचा सारांश आणि त्यावर हुजुरातून (पेशव्यांच्या दरबारातून) दिलेलं निवाडपत्र यांनी तिची जागा बरीचशी घेतली.

महजर हातात आला की मजकुराला लगेच भिडू नये. आधी कागद पाहावा. अरुंद कागदाचे तुकडे एकाखाली एक चिकटवून लांब गुंडाळी केलेली असते; त्या तुकड्यांना बंद म्हणतात. दोन बंद जिथे जोडले, तिथे मागच्या बाजूला शिक्का किंवा खूण करण्याची पद्धत होती, म्हणजे ती अर्धी एका बंदावर आणि अर्धी दुसऱ्यावर पडे. मधला बंद मागाहून बदलला असेल तर ही खूण जुळत नाही. वतनाच्या वादात बनावट कागद अजिबात दुर्मीळ नव्हते. त्या काळचे पंचही सांधा, शाई, हस्ताक्षर आणि शिक्का तपासत. तेव्हा आपण भाबडेपणाने वाचायचं काही कारण नाही.

मजकुरात साधारण हा क्रम असतो: वर तारीख आणि ठिकाण, मग हजर मजलसीतल्या (भरलेल्या सभेतल्या) लोकांची नावं, आधी राजाचे अधिकारी, मग गोत म्हणजे देशमुख, देशपांडे, आसपासच्या गावांचे मोकदम (पाटील), चौगुले, शेटे-महाजन आणि बलुतेदार, मग दोन्ही बाजूंचं म्हणणं, मग पुराव्याचा तपशील, मग निवाडा, आणि शेवटी निशाण्या. पाटलाच्या नावापुढे नांगर काढलेला असतो, शेट्याच्या पुढे तराजू, न्हाव्याच्या पुढे आरसा. ही निशाणी म्हणजे शोभेचं चित्र नव्हे, ती साक्षच आहे. ज्याची निशाणी आहे तो निवाड्याला बांधला गेला, आणि पुढे वाद उकरला तर त्यालाच किंवा त्याच्या वारसाला बोलावून विचारता येई. म्हणून नावांची यादी कंटाळवाणी म्हणून गाळणारा वाचक निम्मा महजर गाळतो. कोणत्या गावांचे लोक आले, वादाच्या गावाचे किती होते, प्रतिपक्षाचे सोयरे त्यात बसले होते का, हे सगळं तिथेच सापडतं. निवाडा पुढे का मोडला याचं कारणही पुष्कळदा तिथेच असतं.

तारखेत बहुतेक नवशिके फसतात. साल शुहूर सनाचं आणि शब्दांत लिहिलेलं असतं: ‘इहिदे सबैन मया व अलफ’. इहिदे १, सबैन ७०, मया १००, अलफ १०००, एकूण ११७१. शुहूर सन सूर्य मृग नक्षत्रात जातो तेव्हा, म्हणजे अठराव्या शतकात जूनच्या पहिल्या आठवड्यात बदलतो. तेव्हापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे, आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे ११७१ हे १७७०-७१. फसली सन याहून ९ ने मोठा असतो, त्यात ५९० किंवा ५९१ मिळवायचे. शब्द वाचताना सबा (७) आणि सबैन (७०), समान (८) आणि समानीन (८०), तिसा (९) आणि तिसैन (९०), सलास (३) आणि सलासीन (३०) यांची गल्लत होते. घाईच्या मोडीत शेवटचं अक्षर आखडलेलं असलं की साल २७ पासून ८१ वर्षांपर्यंत सरकतं आणि नातू आजोबाच्या आधी दावा मांडताना दिसतो!

दुसरी अडचण जास्त नाजूक आहे. साल सौर, पण महिना आणि तारीख हिजरी चंद्राची. ११७१ सालातला ९ रमजान डिसेंबर १७७० मध्ये पडतो आणि २० रमजान जानेवारी १७७१ मध्ये. एकाच महिन्यात ५९९ चे ६०० होतात. त्यातून हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने एका शुहूर सालात साधारण तेवढ्या चंद्रतारखा दोनदा येतात. ११७१ मध्ये १५ सफर एकदा १० जून १७७० च्या सुमारास येतो आणि पुन्हा ३० मे १७७१ च्या सुमारास. कागदावर तिथी किंवा वार असेल तर निर्णय लागतो. नसेल तर दोन्ही तारखा लिहून ठेवाव्यात आणि पुढे जावं. उगाच एक निवडू नये. राज्याभिषेक शक असेल तर प्रश्न सोपा, १६७४ हे त्याचं पहिलं वर्ष. शालिवाहन शकात ७८ किंवा ७९ मिळवायचे, हे बहुतेकांना ठाऊक असतंच.

मोडीबद्दल एवढंच सांगतो की तीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि शब्द तोडून लिहिलेले नसतात. गावाची आणि माणसांची नावं संदर्भावाचून पक्की होत नाहीत. लिप्यंतर करताना शंका असलेलं अक्षर कंसात ठेवावं. ‘सुधारून’ लिहिलेलं लिप्यंतर पुढच्या माणसाला कुचकामी ठरतं.

महजर हा शेवटचा कागद. त्याच्या आधीचे कागद दफ्तरात सापडले तर वाद कसा चालला ते दिसतं. फिर्याद आली की दोन्ही बाजूंकडून राजीनामा घेत. सभा जो निवाडा करील तो मान्य, असं त्यात लिहिलेलं असे. मग जामीनकतबे: हजर राहण्याबद्दलचा जामीन आणि निवाड्याप्रमाणे वागण्याबद्दलचा जामीन. मग अग्रवादी आणि पश्चिमवादी, म्हणजे आजचे वादी-प्रतिवादी, आपापली तकरीर (म्हणणं) लिहून देत. घराण्याची हकिकत करीन्यात येई. पंच त्यावर पुरसीस (उलटतपासणी) करत, साक्षी घेत. जिंकणाऱ्याला जयपत्र मिळे आणि त्याच्याकडून हरकी किंवा शेरणी घेतली जाई, हरणाऱ्याकडून गुन्हेगारी. म्हणजे सरकार दोघांकडून घेत असे. ही रक्कम आणि वतनाचं उत्पन्न शेजारी शेजारी ठेवून पाहावं. केवळ महसुली हिशेबाच्या रुमालातही (कागदांच्या गाठोड्यातही) एखाद्या निवाड्याचा पत्ता हरकीच्या नोंदीवरून लागतो.

या सगळ्या गठ्ठ्यात मला सर्वांत बोलका कागद वाटतो तो येजितखत. हरलेल्याने लिहून द्यायचं की आपला दावा खोटा झाला, या वतनाशी आपला आणि आपल्या वंशजांचा काही संबंध नाही. आजच्या कोर्टात हरलेल्याची संमती कोणी विचारत नाही. हुकूमनामा झाला की तो बजावून घेण्यासाठी दरखास्त लावायची. तिथे मात्र हरलेल्याच्या तोंडूनच नकार वदवून घ्यावा लागे, कारण निवाडा टिकायचा तो गोताच्या जोरावर आणि हरलेल्याच्या लेखी कबुलीवर. येजितखत नसेल तर वाद मेलेला नाही असं समजून पुढचे कागद शोधावेत. नवा राजा, नवा सुभेदार, नवा देशमुख आला की ‘मागची सभा पक्षपाती होती, दुसरं थळ द्या’ अशी मागणी होई, आणि थळ, म्हणजे निवाड्यासाठी दुसरी सभा, मिळतही असे. मग दुसऱ्या परगण्याच्या गोतापुढे सगळं पहिल्यापासून. एकदा निकाल लागलेला वाद पुन्हा चालवता येणार नाही, असा कडक नियम तिथे नव्हता, आणि इतक्या वर्षांनंतर दावा ऐकणार नाही असाही.

पुराव्याचा क्रम मात्र शास्त्राशी जुळता होता. याज्ञवल्क्यस्मृती सांगते: लिखित, भुक्ती आणि साक्षी ही प्रमाणं, यांतलं एकही नसेल तर दिव्य. वतनाच्या वादात दिव्य येतं ते याच ठिकाणी, म्हणजे कागद दोघांकडे नाहीत किंवा दोघांचेही संशयास्पद, आणि गोत ‘आम्हांस ठाऊक नाही’ म्हणतं तेव्हा. रवा दिव्यात तेल-तूप एका भांड्यात तापवून त्यात धातूचा तुकडा टाकत आणि तो हाताने काढायला लावत. आधी नखं काढून हात धुऊन तपासत, असलेले वण-व्रण लिहून घेत. नंतर हातावर पिशवी बांधून तिला मोहोर करत आणि तिसऱ्या दिवशी सभेसमोर सोडत. नवा फोड दिसला तर दावा गेला. स्मृतीतल्या अग्निदिव्याची मोजमापं आणखी काटेकोर आहेत: ५० पळं वजनाचा तापवलेला लोखंडी गोळा, हातावर पिंपळाची सात पानं, सोळा-सोळा अंगुळांची सात मंडलं ओलांडायची. आज हे वाचून हसू येतं, पण हात आधी तपासणं, व्रण नोंदवणं, मोहोर करणं यात पुराव्यात फेरफार होऊ नये म्हणून घेतलेली खबरदारी स्पष्ट आहे. दिव्य मागून ऐन वेळी माघार घेतल्याच्याही नोंदी सापडतात. तेव्हा दिव्य हा जसा पुरावा, तसाच तो दबावही होता.

आता वर्षांचा प्रश्न. याज्ञवल्क्याचं वचन आहे: ‘पश्यतोऽब्रुवतो भूमेर्हानिर्विंशतिवार्षिकी’. मालक पाहतोय, बोलत नाही, आणि दुसरा जमीन खातोय, असं २० वर्षं चाललं तर मालकाची हानी. जंगम धनाला १० वर्षं. हे वाचून ‘आपल्याकडे मुदतीचा कायदा प्राचीन काळापासून होता’ असं ठोकून देणारे पुष्कळ भेटतात. पण याज्ञवल्क्यस्मृतीवरची टीका मिताक्षरा उघडून पाहावी. तिचा कर्ता विज्ञानेश्वर, जो कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या दरबारात होता, तो म्हणतो की ही हानी उत्पन्नाची आहे, मालकीची नव्हे. वीस वर्षं गप्प बसलेल्याला मागचं उत्पन्न मागता येणार नाही, जमीन मात्र त्याचीच. नुसत्या भोगावर मालकी सिद्ध व्हायची तर तो भोग माणसांच्या आठवणीपलीकडचा हवा, आणि आठवणीचा काळ त्याने शंभर वर्षांचा धरला आहे. मूळ वचनातही सगळ्यांना एकच माप नाही. गहाण, सीमा, ठेव, जड आणि बालक यांचं धन, राजाचं, स्त्रीचं आणि श्रोत्रियाचं धन वगळलं आहे. पुढच्याच भागात ‘आगम’, म्हणजे मालकी कुठून आली त्याचा आधार, हा भोगापेक्षा वरचढ मानला आहे. पूर्वापार वारशाने चालत आलेला भोग तेवढा अपवाद.

महजरांत हे जसंच्या तसं उमटलेलं दिसत नाही, आणि ते शोधत बसणं ही अभ्यासातली मोठी चूक आहे. गोतातल्या मोकदमाने मिताक्षरा वाचलेली नव्हती. शास्त्री-पंडित हुजुरात आणि धर्मसभेत असत; रामशास्त्री प्रभुणे लोकांना नारायणरावाच्या खुनाच्या प्रकरणामुळे माहीत असतात, पण न्यायाधीशाच्या रोजच्या कामात असे वतनाचे आणि देण्याघेण्याचे वाद होते. गावपातळीवर प्रश्न विचारला जाई तो असा: मानपान कोण घेत आलं? होळीची पोळी कोणाची, शिराळशेट कोणाचा, तिळगुळाचा मान कोणाचा? शिवेच्या वादात महाराची साक्ष मोलाची धरत. भोग सिद्ध व्हायचा तो गावाच्या वार्षिक चालीरीतींतून, आणि तो सांगणारं गोत समोर बसलेलं असे. त्यामुळे पन्नास-साठ वर्षांपूर्वी परागंदा झालेल्या घराण्याचा वंशज परत आला आणि गोताने ‘होय, हा त्याच घरचा’ म्हटलं, तर त्याचा दावा ऐकला जाई. दुष्काळ आणि स्वाऱ्या यांनी गावं उठत असलेल्या मुलखात हे शहाणपणाचंच होतं. मुदत लावली असती तर लढाईवर गेलेल्याचं वतन दर पिढीला गेलं असतं.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनपुढे हा सगळा पसारा आला. पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखावरचा त्याचा १८१९ चा अहवाल पंचायतीबद्दल उपयुक्त आहे, पण एक पथ्य पाळावं. तो अहवाल दुसऱ्या बाजीरावाच्या शेवटच्या वर्षांनंतरचा आहे. विस्कटलेल्या घडीचं वर्णन शंभर वर्षांवर पसरवू नये. पंचायत ठेवावी असा त्याचा कल होता. पण शेजारी अदालत उभी राहिली, तिचा हुकूमनामा सरकारी शिपाई बजावू लागला, आणि लोक तिकडे गेले.

१८२७ च्या मुंबई रेग्युलेशनांत (मुंबई सरकारच्या कायद्यांत) दोन जागा मुद्दाम वाचाव्यात. पहिली, चौथ्या रेग्युलेशनचं २६ वं कलम. खटल्यात कोणता कायदा लावायचा याचा क्रम ते देतं: आधी पार्लमेंटचे कायदे आणि सरकारी रेग्युलेशनं, ती नसतील तर ज्या मुलखात वाद उपजला तिथली वहिवाट, तीही नसेल तर प्रतिवादीचा कायदा, आणि काहीच नसेल तर न्याय, समता आणि सद्‌सद्विवेक. धर्मग्रंथाच्या आधी वहिवाट ठेवली, ही मुंबई इलाख्याची खासियत. पण इथेच एक मोठा बदल गुपचूप झाला. गोतसभेत वहिवाट सांगणारे आणि निवाडा करणारे एकच होते. अदालतीत वहिवाट ही बाहेरच्या न्यायाधीशापुढे साक्षीदार आणून शाबीत करायची गोष्ट झाली. शाबीत झालेली वहिवाट निकालात छापली गेली, की पुढच्या खटल्यात गावाला विचारायची गरज उरली नाही. हलती गोष्ट गोठली. शास्त्री आणि काझी हे अधिकारीही १८६४ मध्ये कोर्टातून गेले. त्यानंतर न्यायाधीश भाषांतरं आणि जुने निकाल यांवर चालू लागले.

दुसरी जागा पाचवं रेग्युलेशन. जमीन, घर किंवा वंशपरंपरागत वतन कोणी ३० वर्षांहून अधिक काळ अखंड मालक म्हणून उपभोगलं असेल, तर तेवढाच त्याच्या हक्काचा पुरेसा पुरावा. बस्स. गोत नाही, करीना नाही, दिव्य नाही. परागंदा घराण्याचा वंशज आता कोर्टात आला तर त्याची वंशावळ कितीही खरी असो, त्याला दार बंद. कागदांत हा फरक लगेच जाणवतो. १८३० नंतरच्या कैफियतींत (लेखी म्हणण्यांत) ‘आमचा मूळपुरुष अमुक’ हे मागे पडतं आणि वहिवाटीची वर्षं पुढे येतात. तेच घराणं, तोच वाद, पण आजोबाच्या कागदात जिथे नाव आहे तिथे नातवाच्या कागदात आकडा आहे.

(जातीचे प्रश्न मात्र १८२७ च्या दुसऱ्या रेग्युलेशनने कोर्टाच्या बाहेर ठेवले. गोतसभेतून वतन गेलं, जमीन गेली, उरला तो बहिष्काराचा अधिकार. जातपंचायतींवर महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला, त्याची एक मुळी इथवर येते.)

१८५२ चा इनाम कमिशनचा, म्हणजे इनाम जमिनींवरचे हक्क तपासणाऱ्या सरकारी मंडळाचा, कायदा हा या प्रवासातला उलटा फेरा. रयत-रयतेच्या वादात सरकार म्हणत होतं, ताबा पुरे. सरकारविरुद्ध मात्र सनद दाखवा! ज्यांच्याकडे सनद नव्हती त्यांना मोजमाप लावलं गेलं. उदाहरणार्थ, इंग्रजी अंमल येण्याआधी ६० वर्षं अखंड भोग आणि तोवर जमीन मूळ इनामदाराच्या नातवापर्यंत पोचलेली, तर ती पुरुष वंश चालेपर्यंत ठेवावी. घराघरांतले महजर आणि सनदा या वेळी बाहेर निघाल्या, नकलून घेतल्या गेल्या, आणि पुण्याच्या पेशवे दफ्तराचा सरकारला उपयोग होता तो मुख्यतः याच तपासणीसाठी. अभ्यासकाने हे लक्षात ठेवावं. आज आपल्याला मिळणाऱ्या पुष्कळ नकला इनामाच्या चौकशीसाठी केलेल्या आहेत. अडचणीचा कागद कोणी हजर केला नसणार. जिंकणाऱ्याचा महजर जपला गेला, हरणाऱ्याने आपल्याकडचा कागद कशाला ठेवावा?

१८५९ ला दोन कायदे झाले. दिवाणी कार्यविधीच्या आठव्या कायद्याने एकदा निकाल लागलेला दावा पुन्हा आणायला बंदी केली. मुदतीच्या चौदाव्या कायद्याने स्थावराच्या दाव्याला १२ वर्षांची मर्यादा घातली. ‘दुसरं थळ द्या’ आणि ‘आमच्या पणज्याचं होतं’ ही वतनदाराची दोन्ही जुनी हत्यारं एकाच वर्षी बोथट झाली. मला विचाराल तर मराठी मुलखातल्या वतनाच्या वादांच्या दृष्टीने १८५७ पेक्षा हे साल महत्त्वाचं. पुढे १८७१, १८७७ आणि १९०८ असे मुदतीचे कायदे बदलत गेले, १२ वर्षं टिकली. १८७१ पासून तर मुदत गेली की नुसता दावा नव्हे, जमिनीवरचा हक्कच नाहीसा होतो अशी तरतूद आली. विज्ञानेश्वराने जे नाकारलं होतं तेच!

वतनांचा स्वतंत्र कायदा १८७४ चा. त्याने वतनदारांची नावं रजिस्टरात घातली आणि वतनाची जमीन घराण्याबाहेर कायमची देण्यावर बंधन आणलं. १८८६ च्या दुरुस्तीने वतन घराण्यातल्या बायकांचा वारसा पुरुषांच्या मागे ढकलला. शेवटच्या पुरुषाची विधवा तेवढी अपवाद. ‘जुनी रूढी’ म्हणून आज जे सांगितलं जातं त्यातलं किती जुनं आणि किती १८८६ चं, हे तपासल्याशिवाय बोलू नये. याच १८७४ च्या कायद्यात महार वतनासाठी बदल करावा म्हणून बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडलं. राबणूक अमर्याद आणि मोबदला तुटपुंजा, ही त्यामागची तक्रार. गोतसभेत ज्याच्या साक्षीवर शीव ठरे, त्याचं वतन कायद्याच्या भाषेत ‘कनिष्ठ’ होतं.

स्वातंत्र्यानंतर वतनं गेली: परगणा आणि कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्याने, कनिष्ठ गावकामगार वतनं १९५८ च्या, पाटीलकी १९६२ च्या. जमिनी बऱ्याच ठिकाणी सारा आकाराच्या पटीत रक्कम भरून मूळ वतनदारांना परत दिल्या गेल्या, पण नव्या शर्तीवर, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या. त्याचा माग आजही सातबाऱ्यावर आहे. ‘भोगवटादार वर्ग २’ असं दिसलं की नुसता चालू उतारा घेऊन थांबू नये. त्यावरचे फेरफार (नोंदीतल्या बदलांचे) क्रमांक मागे मागे नेत जुने फेरफार काढावेत. तिथे इनाम वर्गाचा उल्लेख मिळतो. वर्ग ३ म्हणजे देवस्थान, ६ ब म्हणजे महार-रामोशी यांसारख्या सरकारउपयोगी वतनांची जमीन. परवानगीशिवाय झालेली खरेदीखतं इथेच अडकतात, आणि घेणाऱ्याला ते वीस वर्षांनी कळतं. सातबाऱ्यावरची नोंद महसुलासाठी असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १५७ व्या कलमाने ती विरुद्ध शाबीत होईतो खरी धरायची. मालकी मात्र तिच्यामुळे जन्माला येत नाही.

१९६३ च्या मुदत कायद्याने १२ वर्षं ठेवली, पण ओझं हलवलं. १९०८ च्या कायद्यात ताब्यातून काढल्या गेलेल्या मालकाला आपला ताबा गेल्या १२ वर्षांच्या आत होता हे दाखवावं लागे. आता अनुच्छेद ६५ खाली मालकीवर दावा आणणाऱ्याने मालकी दाखवावी, आणि प्रतिकूल ताबा, म्हणजे मालकाच्या हक्काविरुद्ध उघडपणे चाललेला ताबा, सांगणाऱ्याने तो कधी सुरू झाला ते शाबीत करावं. आकडा तोच, पण कोणी काय शाबीत करायचं ते उलटं. कलमांची यादी पाठ करणाऱ्याला हा बदल दिसतच नाही. सरकारी जमिनीला मुदत ३० वर्षांची. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हेमाजी वाघाजी जाट प्रकरणात प्रतिकूल ताब्याच्या तत्त्वाला असंगत म्हटलं आणि फेरविचार सुचवला. २०१९ मध्ये रविंदर कौर ग्रेवाल प्रकरणात मात्र अशा ताब्याच्या जोरावर दावाही आणता येतो, नुसता बचाव नव्हे, असं ठरलं. आणि २०२३ मध्ये विधी आयोगाने २८० व्या अहवालात मुदतीत बदल नको म्हटलं. म्हणजे भोग मोठा की आगम, हा वाद अजून मिटलेला नाही. गोव्यात तर पोर्तुगीज नागरी संहितेतली मुदत लावायची की भारतीय कायद्यातली, हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या निकालापर्यंत चालला.

घरात जुने कागद असलेल्यांसाठी शेवटची गोष्ट, कारण हीच सर्वाधिक विचारली जाते. १८७२ च्या पुरावा कायद्यातलं ३० वर्षांच्या दस्ताचं गृहीतक २०२३ च्या साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. योग्य ताब्यातून आलेला ३० वर्षांहून जुना कागद असेल तर सही आणि हस्ताक्षर ज्याचं म्हणतात त्याचंच आहे, असं न्यायालय धरू शकतं. यात तीन खाचखळगे आहेत. गृहीतक सही-हस्ताक्षराचं आहे, मजकूर खरा असल्याचं नव्हे. ते हजर केलेल्या मूळ दस्ताला मिळतं, नकलेला नाही. आणि कागद जिथे असायला हवा तिथूनच आला पाहिजे. भाऊबंदांच्या पेटीतून उचलून आणलेला महजर इथेच लंगडा पडतो. म्हणून कागद कोणाकडून कोणाकडे आला ते सालासकट लिहून ठेवावं, बंद सुटे करू नयेत, मागच्या बाजूचे जोड आणि शिक्के यांचेही फोटो काढावेत. चिकटपट्टी लावू नये. लॅमिनेशन तर मुळीच करू नये. ते काढताना शाई जाते आणि जोडावरच्या खुणा तपासता येत नाहीत.